किशोरवयीन गरोदरपण आणि गुप्तरोग रोखणारे पारखलेले कार्यक्रम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिक्षक, आशाताई, अंगणवाडीताई, पालक आणि गावपातळीवर काम करणारे कार्यकर्ते यांच्या बैठकांमध्ये जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे.

‘पुराव्यावर आधारित कार्यक्रम’ म्हणजे नेमकं काय?

औषध बाजारात येण्याआधी ते काही रुग्णांना देऊन आणि काहींना न देऊन बघतात, दोन्ही गटांत काय फरक पडला ते मोजतात. कार्यक्रमाचंही तसंच. काही शाळांत किंवा गावांत तो राबवला, तशाच दुसऱ्या शाळांत किंवा गावांत राबवला नाही, आणि मग दोन्हीकडच्या मुलामुलींचं पुढे काय झालं ते पाहिलं. लग्न किती वयात झालं, पहिल्यांदा दिवस कधी गेले, निरोध वापरला का, संसर्ग झाला का, हे मोजलं. फरक पडलेला दिसला तर तो कार्यक्रम पारखलेला.

कार्यक्रमाच्या शेवटी मुलींनी ‘आम्हाला खूप आवडलं’ असं लिहून दिलं, टाळ्या पडल्या, पेपरात फोटो आला, याला पुरावा म्हणत नाहीत. ‘माहिती वाढली’ हासुद्धा अर्धाच पुरावा, कारण माहिती असणं आणि तसं वागता येणं यात मोठं अंतर असतं. सोळाव्या वर्षी बोहल्यावर उभ्या राहिलेल्या कितीतरी मुलींना लग्नाचं कायदेशीर वय तोंडपाठ असतं.

हेतू चांगला असला की पुरे नाही का? मुलांना चांगलं सांगून वाईट काय होणार?

होऊ शकतं. पश्चिम ऑस्ट्रेलियात शाळकरी मुलींना काही दिवस सांभाळायला एक बाहुली देत असत. ती रात्री-अपरात्री रडायची, तिला दूध पाजायचं, लंगोट बदलायचा. बाळाचं किती करावं लागतं ते कळलं की मुली लवकर आई होणार नाहीत, असा विचार त्यामागे होता. ऐकताना अगदी पटतो. तिथल्या ५७ शाळांमध्ये १३ ते १५ वर्षांच्या मुलींवर हा प्रयोग रीतसर तपासला गेला आणि त्या २० वर्षांच्या होईपर्यंत नोंदी पाहिल्या गेल्या. २०१६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आला : बाहुली मिळालेल्या मुलींपैकी १७ टक्के गरोदर राहिल्या, न मिळालेल्यांपैकी ११ टक्के. ज्यासाठी एवढा खटाटोप केला, त्याच्या बरोबर उलट घडलं. मोजलं नसतं तर ती बाहुली आणखी कितीतरी शाळांत फिरत राहिली असती.

दुसरा अनुभव अमेरिकेचा. लग्नापर्यंत संयम पाळा, एवढंच शिकवणाऱ्या वर्गांवर तिथल्या सरकारनं वर्षानुवर्षं पैसा ओतला. अशा चार कार्यक्रमांचा सरकारनेच करवून घेतलेला अभ्यास २००७ साली आला. वर्गात बसलेली मुलं आणि न बसलेली मुलं यांच्या वागण्यात काहीही फरक नव्हता.

आपल्याकडे हा प्रश्न खरंच एवढा मोठा आहे का? हे तर परदेशातलं.

आहे. फक्त आपल्याकडे त्याचं रूप वेगळं आहे, आणि तेच बहुतेक कार्यक्रम आखणाऱ्यांच्या नजरेतून निसटतं.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ७.६ टक्के मुली आई झालेल्या होत्या किंवा त्यांना दिवस गेलेले होते. देशाचा आकडा ६.८. म्हणजे पुढारलेलं म्हणवणारं आपलं राज्य देशाच्या सरासरीच्या मागे आहे. त्याच पाहणीत २० ते २४ वयाच्या बायकांपैकी किती जणींचं लग्न अठराच्या आत झालं, तेही विचारलं होतं. महाराष्ट्रात ते प्रमाण २१.९ टक्के निघालं. जिल्हावार पाहिलं तर छातीत धस्स होतं : परभणी ४८ टक्के, बीड ४३.७, धुळे आणि सोलापूर चाळिशीच्या पुढे. शेजारच्या गोव्यात हेच प्रमाण ५.८ टक्के आहे.

हे दोन आकडे शेजारी ठेवले की चित्र स्पष्ट होतं. आपल्याकडची किशोरवयीन आई बहुतेक वेळा लग्न झालेलीच असते. तिच्या गळ्यात मंगळसूत्र असतं, ओटीभरण होतं, गावजेवण होतं, आणि म्हणून त्याला कुणी ‘समस्या’ म्हणत नाही. शरीराला मात्र लग्नपत्रिका वाचता येत नाही. विशीच्या आतल्या आईला झटके येण्याचा आणि बाळंतपणानंतर जंतुसंसर्ग होण्याचा धोका विशी ओलांडलेल्या बाईपेक्षा जास्त असतो, आणि बाळ कमी वजनाचं किंवा दिवस पूर्ण होण्याआधी जन्मण्याची भीतीही जास्त.

बीडकडे लग्न लवकर का होतात हे ऊसतोडीच्या टोळीत गेल्याशिवाय कळत नाही. तिथे ‘कोयता’ म्हणजे नुसतं हत्यार नसतं, नवरा-बायकोच्या जोडीलाच एक कोयता म्हणतात. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्यामागे. मुलाचं लग्न झालं की घरात एक कोयता वाढतो. मुलीच्या आईबापांची अडचण निराळी : पाच-सहा महिने कारखान्यावर जायचं, तर वयात आलेली पोर गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची? बरोबर न्यावी तर कोपीला, म्हणजे तिथल्या झोपडीला, धड दार नाही, अंघोळीला आडोसा नाही. ‘हात पिवळे करून मोकळं व्हावं’ हे त्यांना त्यातल्या त्यात सुरक्षित वाटतं. अशा आईबापांसमोर उभं राहून लवकर लग्नाचे तोटे सांगणारं भाषण करणं मला जमत नाही. मुलीला हंगामभर राहायला वसतिगृह आहे का, शाळा आठवीच्या पुढे आहे का, तिथवर एसटी जाते का, ही उत्तरं आधी हातात लागतात.

मग आपल्या भागात पारखलेलं असं काही आहे का?

आहे, आणि ते मराठवाड्यातच आहे. पैठण तालुक्यातल्या पाचोडला इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट ही संस्था आहे. डॉ. अशोक दयालचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदीच्या दशकाच्या शेवटी १२ ते १८ वयाच्या, लग्न न झालेल्या मुलींसाठी जीवनकौशल्यांचा वर्ग सुरू केला. वर्ग वर्षभर चालायचा, आठवड्यातून पाच दिवस, रोज संध्याकाळी एक तास. संध्याकाळी, कारण यातल्या कितीतरी मुली शाळा सुटलेल्या होत्या आणि दिवसभर रानात किंवा घरकामात असायच्या. शिकवायला बाहेरून कुणी तज्ज्ञ आले नाहीत. गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या बायकांना तयार केलं गेलं. आरोग्य, आहार, पाळी, गावातल्या संस्था आणि सरकारी कार्यालयं कशी चालतात, घरच्यांशी बोलायचं कसं, असं सगळं त्यात होतं. आणि आईवडिलांशी बोलणं सुरुवातीपासूनच चालू होतं.

कार्यक्रम झालेल्या गावांची तुलना न झालेल्या गावांशी केली गेली. चार वर्षांत कार्यक्रमाच्या गावांत लग्नाचं मध्यम वय, म्हणजे ज्या वयापर्यंत निम्म्या मुलींची लग्नं झालेली असतात ते, १६ वरून १७ वर गेलं. तुलनेच्या गावांतल्या मुलींचं लग्न अठराच्या आत होण्याची शक्यता वर्ग पूर्ण केलेल्या मुलींच्या चौपट होती. एक वर्ष म्हणजे फार वाटत नाही. पण सोळा आणि सतरामध्ये दहावीची परीक्षा असते, आणि त्या वर्षात मुलीचं हाडही भरतं.

मला यात सर्वांत मोलाची वाटते ती एक गोष्ट. लैंगिक शिक्षणाचा वर्ग म्हणून पाटी लावली असती तर पहिल्याच आठवड्यात वर्ग बंद पडला असता. पोरी रोज एक तास एकत्र बसतात, वही-पेन घेऊन येतात, ग्रामपंचायतीत जाऊन प्रश्न विचारतात, हे आईबापांनी डोळ्यांनी पाहिलं. पोर शहाणी झाली, तिला घाईनं उजवायची गरज नाही, हा विश्वास तिथून आला.

कोणताही पारखलेला कार्यक्रम उचलून आणला तर चालेल?

नाही. अमेरिकेत २०१० पासून किशोरवयीन गरोदरपण रोखण्यासाठी पारखलेल्या कार्यक्रमांनाच प्रामुख्यानं पैसा द्यायचं धोरण सुरू झालं. पहिल्या फेरीत ४१ अभ्यास झाले आणि त्यांतल्या १२ ठिकाणीच वागण्यात चांगला फरक दिसला. एका शहरात चाललेलं दुसऱ्या शहरात चाललंच असं नाही. म्हणून ‘पारखलेला’ हा शब्द आयएसआय छापासारखा वापरू नका. कुठे पारखला, कुणावर पारखला, त्या मुलींचं आयुष्य आपल्या मुलींसारखं होतं का, हे तीन प्रश्न विचारा. कॉलेजात जोडीदार निवडणाऱ्या मुलीसाठी केलेला कार्यक्रम आठवीत शाळा सुटून लग्न ठरलेल्या मुलीला काय देणार?

शाळेत हे शिकवलं तर मुलं बिघडणार नाहीत का? नको ते सुचेल त्यांना.

हा प्रश्न पालक मनापासून विचारतात, तेव्हा हसण्यावारी नेऊ नका. युनेस्कोनं जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेऊन २००९ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये मार्गदर्शक पुस्तिका काढली. तिचा निष्कर्ष स्पष्ट आहे : नीट दिलेल्या लैंगिक शिक्षणानं मुलं लवकर संबंध ठेवायला लागत नाहीत, धोक्याचं वागणंही वाढत नाही. उलट काही ठिकाणी पहिला संबंध लांबणीवर पडतो, निरोधाचा वापर वाढतो.

आणि सुचायचं ते आधीच सुचलेलं असतं. सातवीतल्या पोराच्या हातात मोबाईल आहे. त्यावर काय दिसतं ते आपल्याला ठाऊक आहे. शाळा गप्प बसली तर शिकवणारा तो मोबाईलच उरतो.

पण हे आपल्या संस्कृतीत बसतं का?

र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र १९२१ साली काढलं. लंडनमध्ये असं पहिलं केंद्र निघालं त्याच वर्षी. १९२७ पासून ते ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक मराठीत काढत होते, कोर्टात खटले चालले, दंड झाला, तरी मासिक १९५३ मध्ये ते जाईपर्यंत बंद पडलं नाही. तेव्हा हा विषय बाहेरून आला असं म्हणणं म्हणजे आपल्याच माणसांना विसरणं.

हेही खरं की २००७ मध्ये महाराष्ट्रानं शाळांमधला किशोर शिक्षण कार्यक्रम थांबवला. इतरही अनेक राज्यांनी तेच केलं. पुस्तकातल्या चित्रांवर गदारोळ झाला होता. मला त्यातून दिसतं ते एवढंच, की आधी पालकांच्या हातात पुस्तक द्यायला हवं, मग मुलांच्या. पालकांना पहिल्यांदा टीव्हीवरच्या आरडाओरड्यातून कळलं तर ते विरोध करणारच.

आम्ही दरवर्षी डॉक्टरबाईंचं एक व्याख्यान ठेवतो. ते पुरत नाही का?

बहुतेक वेळा नाही. अमेरिकेतले संशोधक डग्लस कर्बी यांनी चाललेले आणि न चाललेले कितीतरी अभ्यासक्रम एकमेकांशेजारी ठेवून पाहिले आणि चालणाऱ्यांची १७ वैशिष्ट्यं काढली. त्यांत पुरेसा वेळ आणि एकामागून एक येणारे तास हे आहेच. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे मुलांना बोलतं करणं. नकार कसा द्यायचा हे ऐकून येत नाही, तो स्वतःच्या तोंडानं म्हणून बघावा लागतो. ‘नको’ हा शब्द मोठ्या माणसासमोर तोंडातून काढायची सवय आपल्या मुलींना कुठे असते? नाट्यप्रवेश करून, दोघीदोघींनी सराव करून ती लागते. चाळीस मिनिटांच्या भाषणात दीडशे मुली मान खाली घालून बसतात आणि घरी जातात.

अपवाद आहेत, आणि त्यांतला एक फार बोलका आहे. पश्चिम केनियात ३२८ शाळांमध्ये झालेल्या अभ्यासाचा भाग म्हणून ७१ शाळांमधल्या आठवीच्या मुलींना फक्त चाळीस मिनिटांत एक गोष्ट सांगितली गेली : वयानं मोठ्या पुरुषांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण तुमच्या वयाच्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त आहे. पैसा, भेटवस्तू देणाऱ्या मोठ्या पुरुषांपासून दिवस जाणं तिथे नेहमीचं होतं. पुढच्या वर्षभरात या शाळांत मुली आई होण्याचं प्रमाण २८ टक्क्यांनी कमी झालं. नुसता संयम शिकवणाऱ्या सरकारी अभ्यासक्रमाचं प्रशिक्षण शिक्षकांना दिलं होतं, तिथे गरोदरपणाच्या प्रमाणात फरक नव्हता. हे चाळीस मिनिटांत जमलं, कारण मुलींना ज्या ठिकाणी निवड करायची होती नेमकी तिथलीच माहिती मिळाली. आपल्या व्याख्यानांत बीजांडकोशाची आकृती असते आणि मुलीच्या खऱ्या पेचाबद्दल अवाक्षर नसतं.

कोणी शिकवावं? आमचे शिक्षक तर त्या पानाशी आले की ‘घरी वाचा’ म्हणतात.

शिक्षकांना दोष देऊन भागणार नाही. ते त्याच गावात राहतात, त्याच पालकांना रोज भेटतात, आणि त्यांच्या डोक्यावर आधीच दहा कामं आहेत. बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यात याच प्रश्नावर एक मोठी चाचणी झाली. त्यामागे गोव्याची ‘संगथ’ ही संस्था होती. काही शाळांत शिक्षकांनाच तयार केलं, काही शाळांत त्याच कामासाठी स्थानिक तरुण समुपदेशक नेमला आणि काही शाळांत फक्त नेहमीचा अभ्यासक्रम. २०१८ मध्ये निष्कर्ष आले. समुपदेशक असलेल्या शाळांत वातावरण सुधारलं, दादागिरी आणि मारहाण कमी झाली, मुलांमधलं नैराश्य कमी झालं, स्त्री-पुरुष समतेबद्दलची मतं आणि लैंगिक आरोग्याची माहितीही सुधारली. शिक्षकांनी चालवलेल्या शाळांत फारसा फरक आढळला नाही.

म्हणून शक्य असेल तिथे बाहेरची पण जवळची व्यक्ती शोधा. पदवी नसली तरी चालेल. मुलांना तिच्याशी बोलताना गुणांची, हजेरीची, घरी सांगण्याची धास्ती नसावी. आयुष्मान भारतमधून २०२० साली सुरू झालेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक आरोग्यदूत म्हणून तयार करायचे आहेत. तुमच्या शाळेत तेच असतील तर निदान एक करा : प्रश्नपेटी ठेवा. नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची. पहिल्या आठवड्यात पेटी रिकामी राहील किंवा थट्टेच्या चिठ्ठ्या येतील. वाट बघा. एकदा पेटी उघडल्यावर घड्या घालून लपवलेली एक चिठ्ठी निघाली होती, ‘काका घरी आले की मला भीती वाटते.’ त्या दिवशी नियोजित तास बाजूला ठेवावा लागला.

अभ्यासक्रमात आपल्या सोयीनं बदल करता येतील का?

नावं, गावं, चित्रं, बोली, उदाहरणं खुशाल बदला. रोहित-प्रियाऐवजी तुमच्या वस्तीतली नावं घ्या, चित्रात पंजाबी ड्रेसऐवजी साडी दाखवा, ‘मासिक धर्म’ऐवजी ‘पाळी’ म्हणा, नंदुरबारकडे पावरीत किंवा भिलीत बोला. तासांची संख्या, सराव, मुलांचं आपसातलं बोलणं आणि गर्भनिरोधकांचा भाग मात्र काढू नका. एका शाळेत आम्हाला ‘बाकी सगळं घ्या, तेवढा एक तास सोडा’ असं सांगितलं गेलं आणि आम्ही ऐकलं. ती चूक आमची होती. नेमका तोच तास काढल्यावर उरलेल्या कार्यक्रमाला पारखलेला म्हणायचा हक्क राहत नाही.

गुप्तरोगांबद्दल मुलांना किती सांगायचं?

घाबरवू नका, पण अर्धवटही ठेवू नका. परमा (गनोरिया), गरमी (सिफिलिस) ही जुनी नावं अजून गावात चालतात, त्यांना लाजेची पुटं चढलेली आहेत. गुप्तरोग म्हटलं की फक्त वाईट चालीच्या माणसालाच होतो, ही समजूत आधी काढायला हवी. लग्नानंतर नवऱ्याकडून संसर्ग आलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलीचा यात काय गुन्हा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० मध्ये जगात परमा, गरमी, क्लॅमिडिया आणि ट्रायकोमोनास या चार संसर्गांचे मिळून ३७ कोटींहून जास्त नवे रुग्ण झाले. हे चारही औषधानं बरे होतात. अडचण ही की बहुतेकांना काही लक्षणच दिसत नाही, विशेषतः बायकांना. आणि दिसलं तरी बाई बोलत नाही. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली, तो अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक संसर्गाचा काही ना काही त्रास होता आणि त्याआधी कधीतरी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. अंगावरून पांढरं जाणं हे बाईच्या जन्माला लागलेलंच असतं, असं आई मुलीला सांगते, ती तिच्या मुलीला. वास येत असेल, खाज असेल, रंग बदलला असेल, ओटीपोटात दुखत असेल तर ते दाखवायचं, हे एकच वाक्य मुलींच्या मनात पक्कं बसलं तरी खूप.

सरकारी रुग्णालयांतल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये तपासणी आणि औषधं मोफत असतात. औषधांचे वेगवेगळ्या रंगांचे तयार संच असतात, लक्षणं बघून ते देतात. जोडीदारानंही उपचार घ्यायचे, नाहीतर संसर्ग पुन्हा परत येतो. एचआयव्हीची तपासणी ‘आयसीटीसी’ केंद्रात मोफत आणि गुप्तपणे होते. माहितीसाठी १०९७ हा मोफत क्रमांक आहे.

एचपीव्हीच्या लशीबद्दलही सांगा. हा विषाणू गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगाचं मुख्य कारण आहे आणि लस संबंध येण्याआधी, म्हणजे ९ ते १४ वयात, सर्वांत जास्त काम करते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं भारतीय लसही तयार केली आहे.

निरोध, गोळ्या यांबद्दल दहावीच्या मुलांशी खरंच बोलायचं?

हो. गर्भधारणा आणि संसर्ग दोन्ही रोखणारं साधन एकच, निरोध. गोळी, तांबी, इंजेक्शन यांनी संसर्ग थांबत नाही. तातडीची गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची असते, जितकी लवकर तितकी चांगली. ती गर्भपाताची गोळी नव्हे. दर महिन्याला घ्यायचीही नव्हे. गर्भपाताच्या गोळ्या दुकानातून आणून गुपचूप घेणं जिवावर बेतू शकतं. हे मुलींइतकंच मुलांनाही माहीत असायला हवं.

ज्यांची लग्नं झालीच आहेत, त्या मुलींचं काय?

त्यांना सगळेच विसरतात. शाळेच्या कार्यक्रमात त्या नसतात, आणि बाईमाणसांच्या बैठकीत त्यांना तोंड उघडायची मुभा नसते. पाचोडच्या लोकांनी लग्न झालेल्या किशोरवयीन मुलींसाठीही काम केलं, आणि ते घरोघर जाऊन करावं लागलं. नवीन सून एकटी कुठे जात नाही, म्हणून आशाताईनं तिच्यापर्यंत जायचं. सासूशी आधी बोलायचं. ‘वर्षाच्या आत पाळणा हलला पाहिजे’ हा दबाव नवऱ्यापेक्षा बरेचदा सासूचा आणि शेजारणींचा असतो. तिला पटलं की ‘पोर अजून कोवळी आहे, दोन वर्षं थांबलं तर नातू धडधाकट होईल’, तर निम्मं काम झालं. नवऱ्याला मात्र वेगळं गाठायचं. सरकारी दवाखान्यात २०१७ पासून ‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन आणि ‘छाया’ या गर्भनिरोधक गोळ्या मोफत मिळतात. निरोध तर मिळतोच.

मुलगे?

मुलींना नकार शिकवायचा आणि मुलांना काहीच नाही, हा अन्याय आहे. मुंबईत २००८ पासून महापालिकेच्या शाळांत ‘कोरो’ ही संस्था, टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि एक आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था यांनी सहावी-सातवीच्या मुलामुलींबरोबर समतेचा कार्यक्रम चालवून तपासला. मतं बदलतात, हे त्यात दिसलं. सहावी-सातवीचं वय मला योग्य वाटतं. मिसरूड फुटल्यावर मुलगा मित्रांसमोर मऊ बोलायला तयार होत नाही.

गावात सरकारी काय मिळतं?

७ जानेवारी २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू आहे, १० ते १९ वयासाठी. त्यातून ग्रामीण रुग्णालयांत आणि काही प्राथमिक केंद्रांत किशोरांसाठी दवाखाना चालतो. महाराष्ट्रात त्याला ‘मैत्री’ म्हणतात. आधी स्वतः जाऊन बघा : दार उघडं आहे का, समुपदेशक बसतो का, मुलगी आत शिरताना रांगेतल्या सगळ्यांना दिसते का. मगच मुलांना तिकडे पाठवा. एकदा तोंडावर ‘लग्न झालंय का?’ असा प्रश्न आला की ती मुलगी परत येत नाही.

अठराच्या आतल्या मुलीला दिवस गेले तर कायदा काय म्हणतो?

इथे सावध राहायला हवं. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्यात (२०१२) अठराच्या आत संमतीला अर्थ नाही. अशा संबंधाची माहिती असणाऱ्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, डॉक्टरांनाही. ११ ऑक्टोबर २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अल्पवयीन बायकोशी संबंध हाही बलात्कारच ठरतो. हे मुलीच्या रक्षणासाठी आहे. पण याच भीतीनं घरचे तिला दवाखान्यात आणत नाहीत, वय वाढवून सांगतात किंवा भलत्याच माणसाकडे नेतात.

म्हणून हे माहीत असू द्या : गर्भपाताचा कायदा २०२१ मध्ये सुधारला, त्यात अल्पवयीन मुलीला २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो, पालकाची लेखी संमती लागते. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की मुलीनं आणि पालकानं विनंती केली तर डॉक्टरांना पोलिसांना कळवताना तिचं नाव आणि ओळख उघड करण्याची गरज नाही. ही गोष्ट कितीतरी दवाखान्यांतही ठाऊक नसते. निकालाची प्रत बरोबर न्या.

आमचा कार्यक्रम चालला की नाही, हे कसं ओळखायचं? आम्ही काही संशोधक नाही.

साधी वही पुरते. सुरू करण्याआधी गावातल्या १० ते १९ वयाच्या मुलींची यादी करा, आशाताईच्या आणि अंगणवाडीच्या नोंदवहीतून मिळेल. शाळा कुणाची सुटली, लग्न कुणाचं झालं, कितव्या वर्षी, पहिले दिवस कधी गेले, हे दर सहा महिन्यांनी भरा. कार्यक्रम नसलेल्या शेजारच्या एखाद्या गावाचीही तशीच वही ठेवा. नाहीतर सगळीकडेच लग्नाचं वय वाढत असेल आणि श्रेय आपण घेऊ. वही कुलुपात ठेवा, त्यात मुलींची नावं आहेत.

गावाबाहेर देवळात किंवा मामाच्या गावी नेऊन लावलेली लग्नंही मोजा. आकडा वाढला तर लपवू नका.

मुलगी पंधरा वर्षांची आहे, पुढच्या आठवड्यात लग्न आहे. आत्ता काय करू?

१०९८ हा मुलांसाठीच्या मदतीचा क्रमांक लावा. रात्री-अपरात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत. खेड्यात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, त्याला लेखी कळवा आणि अर्जाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. न्यायदंडाधिकारी मनाईचा आदेश देऊ शकतात आणि तो मोडून लावलेलं लग्न मुळातच रद्द ठरतं. लग्न लावणारा, जुळवणारा, थांबवू शकत असून न थांबवणारा, यांना दोन वर्षांपर्यंत शिक्षा आणि एक लाखापर्यंत दंड आहे. आधी लागून गेलेलं लग्नसुद्धा मुलगी वीस वर्षांची होईपर्यंत कोर्टातून रद्द करून घेऊ शकते.

मुलगी एकटी असताना तिच्याशी बोला. लग्न थांबल्यावर त्या रात्री ती कुठे झोपणार आहे आणि सोमवारी शाळेत कोण नेऊन सोडणार आहे, हे फोन लावण्याआधी ठरवून ठेवा.